दगड हलवू नका

या दिवाळीत आमच्या घरी भांडण झाले. आवाज कोणाचेच चढले नाहीत, पण भाऊबीजेच्या दुपारी जेवणे आटोपून सगळे अंगणात बसले असताना मी एका गोष्टीला "नाही" म्हणालो आणि मग चहा येईपर्यंत माझ्याशी कोणी बोलले नाही. तेव्हापासून फोनवर फोन चालू आहेत. पुण्याहून मुलीचा, अमरावतीहून बहिणीचा, अमेरिकेतून चिरंजीवांचा. सगळ्यांना एकच विचारायचे आहे, की म्हाताऱ्याला दगडांचा एवढा पुळका कशासाठी? प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. नेहमीचे वाचकही वाचतील आणि मी चुकत असेन तर माझा कान धरतील.

गोष्ट अशी आहे. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचे वडिलोपार्जित साडेचार एकर शेत आहे. शहर आता तिथवर येऊन ठेपले. धाकट्या भावाचे गुडघे गेले, पुढच्या पिढीत शेती करणारे कोणी नाही, म्हणून पुतण्याने तिथे लेआऊट टाकायचे ठरवले. त्याला माझी ना नव्हती आणि आजही नाही. बासष्ट प्लॉटचा नकाशा तयार आहे. पण त्या शेताच्या वरच्या अंगाला, जिथे मुरूम उघडा पडतो, तिथे पाच शिलावर्तुळे आहेत, आणि नकाशातले ३४ ते ४३ नंबरचे दहा प्लॉट व एक रस्ता बरोबर त्यांच्यावरून जातो.

पुतण्या वाईट मुलगा नाही हे आधीच सांगतो. त्याला मी हे दगड लहानपणी दाखवलेले आहेत. म्हणून त्याने आपल्या परीने तोड काढली होती. म्हणाला, "मोठे बाबा, तुमचे दगड मी फेकणार नाही. क्रेन लावून उचलतो आणि लेआऊटच्या गेटजवळ गोल मांडतो. मधे लॉन, कारंजं, बाजूनं लाइटिंग. ग्रॅनाइटच्या पाटीवर माहिती तुम्हीच लिहा. तुमचं नाव टाकू खाली." सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या. सून म्हणाली, किती छान कल्पना. माझ्या सौभाग्यवतीसुद्धा मान डोलावत होत्या. आणि मी म्हणालो, नाही.

क्रेन लावून उचललेले आणि कारंज्याभोवती मांडलेले ते दगड म्हणजे शिलावर्तुळ नव्हे. ते दगड फेकून देण्याइतकेच ते वाईट आहे. किंबहुना थोडे जास्तच वाईट, कारण फेकले तर निदान कोणाला तरी चुटपुट लागते. गेटजवळ मांडले की सगळ्यांना वाटते, आपण वारसा जपला!

आता हे दगड आहेत तरी काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे मास्तरकी करतो.

आमच्या गावातली म्हातारी माणसे त्यांना गवळीराजाचे दगड म्हणत. कोणता गवळीराजा, कधीचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्यक्षात ही थडगी आहेत. साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भात लोखंड वापरणारी, घोडे बाळगणारी माणसे राहत होती. ती आपल्या मृतांसोबत भांडी, हत्यारे, मणी पुरत आणि वरून मुरूम-मातीचा भराव घालून भोवती काळ्या दगडांचे मोठमोठे धोंडे गोल रचत. लिहिणे त्यांच्याकडे नव्हते, म्हणून पुस्तकात त्यांची जागा इतिहासाच्या आधी लागते. आमच्या शेतातल्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास मी स्वतः दोरीने मोजला आहे, तेरा मीटर. सर्वांत लहान नऊ. काही धोंड्यांवर पेल्याच्या बुडाएवढे गोल खळगे कोरलेले आहेत. जुनापाणीच्या वर्तुळांतही असे खळगे आहेत आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून, त्यांचा दिशांशी आणि आकाशाशी संबंध असावा असे मांडले आहे. ते सर्वांना पटले असेल-नसेल. पण मोजता आले ते दगड जागेवर होते म्हणून, एवढे लक्षात ठेवा.

जुनापाणी आमच्यापासून लांब नाही. तिथे सुमारे तीनशे वर्तुळे सांगतात. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचे या वर्तुळांवरचे लिखाण १८७९ साली छापून आले. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. पण या दगडांपायी पहिला जीव गेला तो त्याही आधी. नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. माझे निम्मे वर्गमित्र तिथले. ज्यांच्या नावाचे ते कॉलेज, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि भूगर्भशास्त्राचे जाणकारही होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडून गेले. आता टाकळघाटच्या शेजारी औद्योगिक वसाहत आहे. तिथे रोज कामाला जाणाऱ्या हजारो लोकांपैकी कितींना हे ठाऊक असेल? मला तरी कॉलेजात असताना कोणी सांगितले नव्हते. मी ते निवृत्त झाल्यावर वाचले.

माझी स्वतःची या दगडांशी ओळख १९७१ मध्ये झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव महूरझरीला उत्खनन करताहेत, असे आमच्या इतिहासाच्या सरांनी सांगितले. १९७० ते ७२ असे ते काम चालले. आम्ही तिघे मित्र भाड्याच्या सायकली घेऊन गेलो. मला वाटले होते, सोन्याचे हंडे निघत असतील. बघतो तर काय, चार माणसे खड्ड्यात उकिडवी बसून ब्रशने माती झाडताहेत आणि एकजण प्रत्येक खापराचे अंतर मोजून कागदावर मांडतो आहे. आम्ही तासभर उभे राहिलो. तासाभरात त्यांनी एकही वस्तू बाहेर काढली नाही. माझा एक मित्र कंटाळून झाडाखाली जाऊन झोपला. त्या महूरझरीत पुढे तांब्याची मूठ असलेली लोखंडी खंजिरे, घोड्याची हाडे आणि घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले. ते छापून आले तेव्हा आमची कॉलर ताठ झाली. पण तो माणूस अंतर का मोजत होता, हे कळायला मला आणखी वीस वर्षे लागली, आणि तेही माझीच फजिती झाल्यावर.

ती फजिती आता सांगतोच. घरच्यांनाही पूर्ण ठाऊक नाही.

१९७९ साली मी नववीच्या मुलांची सहल त्याच बाजूला नेली होती. नुकताच पाऊस होऊन गेला होता. शिलावर्तुळांच्या मधल्या उतारावर मला एक तांबडा, वाटाण्याएवढा मणी चमकताना दिसला. अकीकाचा, मधोमध भोक असलेला. महूरझरीच्या परिसरात पूर्वी असे मणी घडवले जात, तिथे ते पावसानंतर वर येतात. मी इकडेतिकडे पाहिले, मुलांचे लक्ष नव्हते, आणि मी तो खिशात टाकला. मुलांना "कोणी काही उचलायचे नाही" असे बजावून झाले होते, हे सांगायला नको. पुढे अनेक वर्षे तो माझ्या टेबलावर पेनाच्या डबीत होता. कोणी आले की मी ऐटीत दाखवत असे, अडीच हजार वर्षांपूर्वीचा मणी!

१९९१ च्या सुमारास एक जाणकार गृहस्थ घरी आले. त्यांनी मणी हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारले, "कुठे मिळाला?" मी म्हणालो, त्या बाजूला, उतारावर. "कोणत्या वर्तुळाजवळ? आत की बाहेर? किती खोल? सोबत काय होते?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्यांनी तो मणी माझ्या तळहातावर परत ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मग सर, आता हा फक्त एक मणी आहे." ते काही रागावले नव्हते. पण पस्तीस-चाळीस वर्षे मी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शेरे मारले, तसा शेरा माझ्यावर त्या एका वाक्याने मारला गेला.

तो मणी ज्या जागी होता, त्या जागेवर त्याला काहीतरी सांगायचे होते. तो कोणाच्या गळ्यातला होता, पुरताना ठेवला होता की घडवताना पडला होता, ते त्या जागेनेच सांगितले असते. मी तो उचलला आणि त्याचे तोंड कायमचे बंद केले. आता पुतण्या हेच पाच वर्तुळांच्या बाबतीत करणार आहे, क्रेन लावून आणि माझ्या नावाची पाटी लावून.

आपल्या आजीचे पत्र आपल्याला सापडले, तर त्यातले सुंदर सुंदर शब्द कात्रीने कापून आपण काचेच्या बरणीत ठेवू का? शब्द सगळे शाबूत राहतील, अक्षर आजीचेच राहील. पण पत्र राहील का? शिलावर्तुळ हे दगडांमध्ये नसते. ते दगड, त्यांच्यामधले अंतर, आतला भराव, खालची माती, शेजारचे दुसरे वर्तुळ, समोरचा नाला आणि मागची टेकडी, या सगळ्यांच्या मांडणीत असते. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ही जागा निवडली, बाजूची नाही. का, ते आपल्याला अजून कळलेले नाही. कळायचे असेल तर जागा हवी.

यावर चिरंजीवांनी फोनवर मुद्दा काढला, की मग आधी उत्खनन करून घ्या, काय ते बाहेर काढा, संग्रहालयात ठेवा आणि जागा मोकळी करा. वरवर बरोबर वाटते. पण १८६० च्या दशकात ज्यांनी कुदळी घेऊन वर्तुळे खोदली, त्यांनी लोखंड ठेवले, मडकी ठेवली आणि कोळसा टाकून दिला. कारण कोळशावरून काळ काढता येतो हे शास्त्र १९४९ च्या सुमारास आले. त्या काळी हाडे ही नुसती हाडे होती, आज त्यातून माणसांची वंशावळ वाचतात. त्या साहेबांनी उत्साहाने सगळीच वर्तुळे उकरली असती तर आज आपल्या हातात काय राहिले असते? आमच्या पाचांच्या पोटात काय आहे मला माहीत नाही, आणि मला ते माझ्या हयातीत पाहायचेही नाही. माझ्या पणतूच्या काळात कदाचित न खोदताच दिसेल.

आता "दगडच तं आहेत" याबद्दल. पुतण्या हे बोलला नाही, पण त्याचा भागीदार बोलला, आणि तो एकटा नाही. मला वाटते खरी अडचण इथे आहे, लेआऊटमध्ये नाही. हे दगड कोणाचेच नाहीत. त्यांच्यावर राजाचे नाव नाही. कोणती जात त्यांना आपला पूर्वज म्हणत नाही. त्यांच्या नावाने जयंती नाही, मिरवणूक नाही. २०२५ मध्ये शिवछत्रपतींचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा मी स्वतः पेढे वाटले, आणि पुन्हा वाटीन. पण त्या आनंदात मला एक प्रश्न सतावत होता. ज्या गोष्टीने आपली छाती फुगते तेवढीच आपण जपणार का? त्याच २०२५ मध्ये तेलंगणातल्या कृष्णाकाठच्या मुदुमलच्या उभ्या शिळा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. तिथेही राजा नाही, लढाई नाही, माळरानावर उभे केलेले दगडच आहेत. त्यांतल्या एका शिळेला गावकरी यल्लम्मा म्हणून पुजतात. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये त्याच तात्पुरत्या यादीत गेली. मग विदर्भाने काय पाप केले? नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, देव आणि जामखेडकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती उघडी केली. ज्या लोकांनी या भूमीत लोखंड गाळले त्यांची थडगी आपण मुरूम भरायला वापरतो.

आणि दगड उभा करून मेलेल्या माणसाची आठवण ठेवणे ही काही संपलेली रीत नाही. भामरागडकडे माडिया लोक आपल्या मृतांसाठी दगड रोवतात. तो दगड तिथून उचलून एखाद्या हॉटेलच्या बागेत मांडा, असे त्यांना कोणी सांगून पाहावे. आपल्या स्मशानातल्या समाधीबद्दल आपल्याला सांगितले तर चालेल का? इथे फक्त मृताचे नातेवाईक अर्ज घेऊन येऊ शकत नाहीत, एवढाच फरक.

"पण कायदा काय म्हणतो?" हे बहिणीने विचारले. तिचे यजमान महसूल खात्यात होते, त्यामुळे तिला कायद्याचे आधी सुचते. तर १९५८ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात प्राचीन स्मारक म्हणजे फक्त देवळे-किल्ले नव्हेत; पुरलेल्या जागा आणि एकाश्म शिळाही त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत, किमान शंभर वर्षे जुन्या असल्या म्हणजे झाले. जुनापाणी, टाकळघाट, घोराड अशी नागपूर जिल्ह्यातली कितीतरी शिलावर्तुळे संरक्षित आहेत. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी आली, पुढचे दोनशे मीटर परवानगीने. नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या नियमाचा जाच होतो, हेही खरे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला अशाच एका जागेच्या शेजारी साधी खोली वाढवण्यासाठी अर्जावर अर्ज करावे लागले. त्याच्या मनात त्या दगडांबद्दल जी अढी बसली ती मी समजू शकतो. ज्याच्या दारात वारसा आहे त्यालाच सगळा भुर्दंड आणि फोटो काढायला मात्र सगळे गाव, हा कुठला न्याय?

पण बहिणीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे, की आमची पाच वर्तुळे कोणत्याही यादीत नाहीत. पुतण्याने उद्या ती जेसीबीने नाल्यात लोटली तरी पोलीस येणार नाहीत. आणि यादीत असती तरी निश्चिंत झोपावे अशी परिस्थिती नाही. २०१३ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी १,६५५ संरक्षित स्मारके प्रत्यक्ष जाऊन पाहिली, त्यांतली ९२ जागेवर नव्हतीच! २०२४ मध्ये केंद्राने अठरा स्मारके यादीतून काढायला घेतली, त्यात फरिदाबादजवळचा एक कोस मिनार होता. अहो, मिनार! उभा मिनार जिथे हरवतो, तिथे गवतात बसलेल्या कमरेएवढ्या धोंड्यांची काय कथा?

मग ते दगड आजवर टिकले कसे? याचे उत्तर मला आमच्या वडिलांनी न सांगता दिले होते. ते त्या वर्तुळांभोवतून नांगर वळवून घेत. मला लहानपणी वाटायचे, ते दगडांना मान देतात. एकदा मी विचारले, तर म्हणाले, "मान कशाचा? फाळ मोडते ना! अन् दोन बैलजोड्या लावल्या तरी हा गोटा हालत नाही." म्हणजे तीन हजार वर्षे या दगडांना ना श्रद्धेने राखले ना सरकारने. त्यांना त्यांच्या वजनाने राखले. जोवर माणसाजवळ बैल होते तोवर दगड जड होता. जेसीबी आला आणि एका दुपारीत त्याचे वजन संपले.

हे मी तर्काने बोलत नाही. दसऱ्यानंतर हद्द आखायला मशीन आले होते तेव्हा सर्वांत खालच्या वर्तुळातले चार धोंडे बाजूला सारले गेले. चालवणाऱ्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी गेलो तेव्हा ते उताणे पडलेले होते, खालची ओली माती वर आलेली. ज्या बाजूने त्यांनी तीन हजार वर्षांत ऊन पाहिले नव्हते, ती बाजू फिकी, भाकरीच्या पिठासारखी दिसत होती. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, उगाच हळवा होत नाही. पण मला तिथे खाली बसावे लागले.

तर आता मागणी काय, ते सांगतो, म्हणजे म्हातारा नुसताच आडवा येतो असे होणार नाही.

लेआऊटमध्ये नियमाने मोकळी जागा सोडावीच लागते. पुतण्याच्या नकाशात ती कुठे आहे? खाली नाल्याच्या कोपऱ्यात, जिथे पावसाळ्यात घोट्याएवढे पाणी साचते आणि प्लॉट कोणी घेणार नाही. सगळीकडे हेच चालते, त्याने काही नवीन केलेले नाही. माझे म्हणणे एवढेच, की ती मोकळी जागा वर आण. पाचही वर्तुळे आणि त्यांच्यामधली जमीन मिळून तेवढीच भरते, मी दोरीने मोजली आहे. दहा प्लॉट खाली कोपऱ्यात सरकतील, भराव टाकावा लागेल, त्यांना भाव कमी येईल, हे मान्य. त्यासाठी माझ्या वाट्याचे दोन्ही प्लॉट त्या कोपऱ्यात टाक, अगदी नाल्याला लागून टाक. रस्ता थोडा वळेल. कारंजे नको, लॉन नको. लॉनला पाणी लागते आणि पाणी मुरले की आतल्या वस्तू कुजतात. फेवर ब्लॉक तर मुळीच नकोत. गवत वर्षातून दोनदा हाताने कापले की पुरे. पाटी हवीच असेल तर साधी लाव, माझ्या नावाची नको.

मुलीने सुचवले की बाबा, त्यापेक्षा तुमचे दोन प्लॉट त्या वर्तुळांवरच घ्या आणि तसेच सोडून द्या. तिचा हेतू चांगला, पण ते उपयोगाचे नाही. माझ्या नावावर आहेत तोवर मी सोडीन. माझ्यानंतर? चिरंजीवांना विकायचे झाले तर त्यांना दोष देता येणार नाही. मोकळी जागा ही सगळ्यांची असते, ती विकता येत नाही. आणि बासष्ट घरांतल्या पोरांच्या क्रिकेटमध्ये एखादा चेंडू वर्तुळात गेला तर जावो. आमचे वडीलही त्या दगडांवर बसून शिदोरी सोडत. वापराला माझा विरोध नाही, हलवण्याला आहे.

पुरातत्त्व खात्याला या पाच वर्तुळांबद्दल पत्र लिहिले आहे, जागेची खूण आणि फोटोंसह. काहींना वाटेल मी घरचे भांडण बाहेर नेले. नेले. खालच्या वर्तुळातले चार धोंडे पुन्हा बसवण्याची घाई मात्र मी करणार नाही. कोणत्या खळग्यात कोणता बसत होता हे जाणकाराने पाहिल्याशिवाय हात लावला, तर माझ्यात आणि त्या मशीनमध्ये काय फरक? मणीही त्याच पत्रासोबत परत करतो आहे, चार ओळींचा कबुलीजबाब लिहून. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांवर असेल तर कलेक्टरला कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे म्हणे. माझा मणी त्यात बसतो की नाही देव जाणे, पण पंचेचाळीस वर्षांचा उशीर झाला आहे खरा.

नकाशाच्या अर्जावर भावाची सही झाली आहे, बहिणीची झाली आहे. माझी राहिली आहे. पुतण्या हे वाचणार आहे म्हणून त्याला इथेच सांगतो: नकाशा बदलून आण, मी त्याच दिवशी सही करतो, वाचायलाही मागत नाही.

येत्या रविवारी सकाळी सातला मी शेतावर असेन. पाचही वर्तुळांतला प्रत्येक धोंडा, त्याचे शेजारच्यापासूनचे अंतर आणि त्यावरचे खळगे, सगळे कागदावर उतरवायचे आहे. पन्नास मीटरची टेप आणली आहे, दुसरे टोक धरायला माणूस हवा. भावाने येतो म्हटले आहे, पण त्याला वाकता येत नाही. नागपुरातल्या कोणाला जमत असेल तर या. गवतात कुसळे फार झाली आहेत, बूट घालून या. चहा घरून आणीन.